साठ फुल्या

अर्धा तास.

रोज मोबाईलवर किती वेळ जातो असं विचारलं की उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत मला हेच उत्तर मिळायचं. दार उघडणाऱ्याच्या हातात फोन, अंगठा चालूच, आतल्या खोलीत दुसऱ्या फोनवर कोणीतरी कर्कश गातंय, तिसरा फोन भिंतीला चार्जिंगला लटकलेला, आणि उत्तर अर्धा तास. वर पुन्हा, "तेसुद्धा कामापुरतं हां मॅडम. आपल्याला तसली सवयच नाही." कित्येक वर्षं मी या वाक्याला मान डोलावली. मान डोलावणं नोकरीत होतं, विश्वास ठेवणं नव्हतं.

मी अंबरनाथला पूर्वेला राहते. नवऱ्याची केमिकल कंपनी बंद पडली तेव्हा बाजार-पाहणी करणाऱ्या एका कंपनीत मी घरोघर जाऊन प्रश्न विचारायचं काम धरलं. आधी साबण, मग चहा, मग डोक्याचं तेल. शेवटची दहा वर्षं मात्र सुपरवायझर म्हणून एकच विषय होता: माणसं दिवसाचा वेळ टीव्ही, मोबाईल, कॉम्प्युटर, रेडिओ आणि पेपर यांच्यात कशी वाटतात. हे कोणाला हवं असतं, असं लोक विचारायचे. जाहिराती देणाऱ्यांना, फोनचे प्लॅन विकणाऱ्यांना, मालिका काढणाऱ्यांना. संध्याकाळी साडेसातला तुम्ही कुठल्या पडद्यापुढे बसता ते कळलं की तिथे काय विकायचं ते ठरतं. बऱ्याच जणांना वाटायचं की हे सरकारी काम आहे, पुढे रेशनकार्डाला लागेल. तो गैरसमज मी फार जोर लावून दूर करत नसे. त्याने दारं लवकर उघडायची.

कामाची पद्धत सोपी होती. घरातल्या बारा वर्षांवरच्या प्रत्येकाला एक वही द्यायची. सात दिवस ती ज्याने त्याने भरायची. दिवसाचं पान पाव-पाव तासाने आखलेलं, म्हणजे दिवसाला शहाण्णव ओळी, आणि समोर रकाने. मोबाईलवर बोलणं वेगळं, मोबाईलवर बघणं वेगळं, टीव्ही वेगळा, बाकीच्या कामांचे वेगळे. जे केलं त्याच्यापुढे फुली मारायची. जग टॅबवर गेलं तरी आमची वही कागदाचीच राहिली, कारण एकदा टॅब वाटून पाहिले तर लोकांनी त्यावर आठवडाभर सिनेमे बघितले आणि एकही फुली मारली नाही.

वही खरी की खोटी हे मी हातात घेताच सांगायची. खरी वही घाण असते. तिला हळदीचा डाग असतो, मधेच पेन बदललेलं असतं, एखाद्या दुपारी शाई ओघळलेली असते. खोटी वही स्वच्छ असते. एकच पेन, एकच जोर, सात दिवसांच्या फुल्या एकाच वळणाच्या. चहा घेत एका बैठकीत उरकलेली. शंभरातल्या किती स्वच्छ यायच्या ते लिहीत नाही, माझीच लाज निघेल. आम्ही त्या घेत होतो.

पालेगावात एक कुटुंब होतं. भाताचं शेत विकलं, तिथेच टॉवर उभा राहिला, आणि त्याच टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर यांना दोन फ्लॅट मिळाले. माणसं पाच, पाचांना पाच खोल्या. पाचही वह्यांत रात्री आठ ते दहा 'कुटुंबासोबत टीव्ही'. मी खात्री करायला गेले तर टीव्ही भला मोठा, पण रिमोटला अजून प्लॅस्टिकची पिशवी. थोरला मुलगा म्हणाला, "आमी सगली येकत्रच बसतो मॅडम." त्याची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्याचं सेल गेलं त्याला म्हयना झाला. जेवाला बोलवाचं तं मी फोन करतंय यान्ला." मुलाने आईकडे असं बघितलं की जणू तिने घरातलं सोनं कुठे ठेवलंय ते सांगितलं.

प्रामाणिक म्हणावा असा माणूस मला एकच भेटला, उल्हासनगरला कॅम्प दोनमधला एक कापडवाला सिंधी शेठ. त्याने एकेका ओळीत तीन-तीन फुल्या मारल्या होत्या. मी म्हटलं, शेठ, एका रकान्यात एकच फुली चालते. तो म्हणाला, "मॅडम, फोन तीन है तो फुली भी तीन. एक इस कान पे, एक उस कान पे, एक स्पीकर पे." आणि तसं करून दाखवलं. बायकोशी कधी बोलता म्हटलं तर म्हणाला, "वो भी फोन पे. घर ऊपरही है." त्याची वही आमच्या कॉम्प्युटरने नापास केली.

आता ज्या घरासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात दळवी म्हणून कुटुंब. दळवी मुंबईत एका खाजगी कंपनीत अधिकारी, बायको स्वाती बदलापुरातच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये, मुलगी मुग्धा बारावी सायन्सला. मी पहिल्यांदा गेले तो रविवार होता. हॉलमध्ये भिंतीला तोंड करून मुलीचं टेबल, त्यावर प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं वेळापत्रक: साडेचारला उठणे, सकाळी कॉलेज, दुपारी दोन ते पाच क्लास, मग पुन्हा अभ्यास. टेबलाच्या वर पांढरा गोल कॅमेरा.

मी त्याच्याकडे बघितलं तसे दळवी खूश झाले. "सेफ्टी, मॅडम. आम्ही दोघं बाहेर असतो ना. मी ऑफिसातून बघू शकतो. बोलूपण शकतो त्यातून." त्यांनी फोन काढून दाखवलं. त्या इवल्याशा चौकटीत आम्ही तिघं बसलेलो दिसत होतो. मी कशी दिसते ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं, फारसं आवडलं नाही.

मोबाईलवर रोज किती वेळ, मी विचारलं.

"अर्धा तास. माझ्या घरात मोबाईलला शिस्त आहे. मुग्धाचा फोनसुद्धा फक्त क्लाससाठी आहे."

स्वातीने चहाचे कप गोळा केले. मी तीन वह्या दिल्या, कशा भरायच्या ते समजावलं. निघताना मुग्धा दारापर्यंत आली. बारीक अंगाची, चष्म्याखाली डोळे सुजलेले. तिने हळूच विचारलं, "मावशी, हे घरी कोण वाचणार?"

"कोणी नाही. मी बंद पाकिटातून नेणार. आत तुझं नावसुद्धा नसतं, नुसता नंबर."

मला त्या वेळी तेवढंच माहीत होतं, म्हणून ते खरं होतं.

आठवड्याने वह्या आणायला गेले. दळवींची वही इस्त्री केल्यासारखी. एक पेन, एक बैठक, रोज संध्याकाळी आठ ते साडेआठ मोबाईल, बाकी ऑफिस. स्वातीची वही खरी, पोळीच्या पिठाची बोटं उमटलेली. आणि मुग्धाची वही मी इतक्या वर्षांत पाहिलेल्या चांगल्या वह्यांपैकी एक. बारीक, नेटकी, पण रोज वेगळी. फक्त सोमवार ते शुक्रवार, दुपारी दोन ते पाच, ओळी कोऱ्या.

"इथे भरायचं राहिलं का ग?"

"नाही. तिथे काही नव्हतं."

"क्लास असतो ना?"

तिने कॅमेऱ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "राहू दे ना मावशी तसंच."

मी राहू दिलं, पण मनातल्या मनात निकाल लावून मोकळी झाले. सतरा वर्षांची मुलगी, रोज तीन तास, आणि लपवायचंय. म्हणजे फोन. फोनवर कोणीतरी पोरगा, नाहीतर दिवसभर त्या नाचायच्या चित्रफिती. इतकी वर्षं घराघरांतून हेच पाहिलं होतं. वर फुशारकीही होती की माणसाने तोंड उघडायच्या आत मला सगळं कळतं.

मी वह्यांच्या पानांचे फोटो ऑफिसला पाठवले. चार दिवसांनी तिथून निशांतचा फोन आला. निशांत म्हणजे आमच्या प्रोजेक्टचा मॅनेजर, माझ्या भाच्याच्या वयाचा. बदलापूर कसं दिसतं ते त्याने नकाशावर पाहिलं होतं.

"मॅडम, एक डायरी ब्लँक येतेय. साठ सेल रिकामे. सिस्टीम घेत नाहीये."

"ती मुलगी म्हणते काही नव्हतं."

"काही नव्हतं असं ऑप्शन नाहीये ना. एक डायरी रिजेक्ट झाली तर पूर्ण घर जातं. तुमचा बदलापूरचा कोटा आधीच शॉर्ट आहे. टाका ना काहीतरी. मोबाईल टाका. त्या वयात दुसरं काय करतात?"

मी नाही म्हणायला हवं होतं. आमच्या धंद्यात याहून मोठा गुन्हा नाही. घरी बसून दुसऱ्याच्या फुल्या मारल्या म्हणून मी स्वतः दोन बायकांना कामावरून काढलं होतं, एकीने माझ्या पायाशी बसून रडून घेतलं होतं तरी. आणि आता मी जेवणाच्या टेबलावर वही उघडली आणि मोबाईलवर बघण्याच्या रकान्यात फुल्या मारायला लागले. तीन तासांच्या बारा, पाच दिवसांच्या साठ. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. निशांत म्हणाला म्हणून मारल्या असं सांगणं सोपं आहे. मला त्या खऱ्याच वाटत होत्या.

दोन महिने गेले. कंपनीने भाग घेतलेल्या घरांना भेट म्हणून जेवणाचे डबे पाठवले, आणि या वेळी सोबत एक रंगीत घडीचा कागद. कोणीतरी हुशाराने काढलेली कल्पना: प्रत्येक घराला त्याच्याच वेळेचा आरसा. मला फोनवर सांगितलं होतं की त्यात फक्त घराची सरासरी असते. पाकिटं चिकटवलेली होती, मी उघडून पाहिली नाहीत. दळवींना डबा आणि पाकीट हातात दिलं, त्यांनी थँक्यू म्हटलं, मी जिना उतरले.

तिसऱ्या दिवशी स्वातीचा फोन आला. लॅबमधून बोलत होती, मागे बाटल्यांचा आवाज.

"ताई, तुमच्या कागदात आमच्या मुग्धाचं जे आलंय ते खरं आहे का? एवढंच सांगा."

त्या कागदात घराची सरासरी नव्हती. त्यात प्रत्येक माणसाचा एक-एक रंगीत पट्टा होता, नावाऐवजी 'वडील', 'आई', 'मुलगी' असं छापून. मुलीच्या पट्ट्यावर दुपारी दोन ते पाच जाड लाल रंग, वर मोबाईलचं चित्र. दळवी तो कागद घेऊन तडक क्लासमध्ये गेले. क्लासवाल्यांना वर्षाची फी आधीच मिळालेली असल्यामुळे हजेरीचं त्यांना काही दुखणं नव्हतं, पण विचारल्यावर त्यांनी रजिस्टर काढलं. मुग्धा तीन महिने आलेलीच नव्हती.

"फोन काढून घेतलाय तिचा," स्वाती म्हणाली. "ती म्हणते मी मोबाईल बघत नव्हते. मग कुठे होतीस म्हटलं तर तोंड उघडत नाही. हे म्हणतात कोणीतरी मुलगा आहे. सोमवारी तिला बाहेरगावी निवासी क्लासला नेऊन घालणार आहेत. तिथे महिन्यातून एकदा भेटू देतात. ताई, ती जेवत नाहीये."

मी म्हटलं, मी येते.

वह्या सहा महिने सुपरवायझरच्या घरी ठेवायच्या, मग रद्दीत, असा नियम होता. कपाटातून दळवींच्या तीनही वह्या काढल्या आणि रविवारी सकाळी हेंद्रेपाड्याला गेले. वही घराबाहेर काढून कोणालाही दाखवायची नाही, हाही नियम होता. मला तो तोंडपाठ होता, मीच तो नव्या मुलींना शिकवायची.

मुग्धा सोसायटीच्या फाटकाशी भेटली, हातात ब्रेडचं पाकीट. मला बघून थांबली. रागावली नव्हती. नुसती दमलेली दिसत होती.

"मावशी, मी काहीच भरलं नव्हतं तिथे."

"माहीत आहे. मी भरलं."

तिने माझ्याकडे नीट बघितलं.

"तेच सांगायला वर चालले आहे," मी म्हटलं. "पण मोबाईल नव्हता म्हटल्यावर तुझे बाबा विचारणार, मग काय होतं? ते मला माहीत नाही. आणि काही असं असेल जे त्यांना कळू नये, तर आत्ताच सांग. मग काय बोलायचं ते ठरवू."

"झोपते," ती म्हणाली.

"काय?"

"झोपते. साळवीकाकूंकडे. माझ्या मैत्रिणीची आई, मागच्या गल्लीत ब्लाउज शिवतात. दोनला जाते, त्या चटई टाकून देतात. पावणेपाचला उठवतात."

"आणि घरी का नाही झोपत?"

"घरी कॅमेरा आहे ना. साडेचारला उठते मी. बाबा गाडीत बसले की तिथून बघतात. मान खाली गेली की आवाज येतो, मुग्धा, पाठ सरळ. दुपारी घरी आले आणि आडवी झाले तर ऑफिसातून आवाज येतो. बेडरूमला दार लावलं तर फोन येतो, दार का लावलं." तिने ब्रेडचं पाकीट या हातातून त्या हातात घेतलं. "साळवीकाकूंचं नाव सांगितलं तर बाबा त्यांच्या दारात जाऊन भांडतील. म्हणून सांगत नाहीये."

मी विचारलं, मग वर जाऊन काय बोलू?

"तुम्ही तुमचं सांगा," ती म्हणाली. "माझं मी सांगेन."

दळवी चहा पीत बसले होते. टीपॉयवर तो रंगीत कागद, शेजारी निवासी क्लासचा छापील फॉर्म. मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं की मुलीच्या पट्ट्यावरचा लाल रंग माझा आहे, त्या साठ फुल्या मी माझ्या घरी बसून मारल्या, तिने त्या ओळी कोऱ्या ठेवल्या होत्या.

त्यांनी कप खाली ठेवला. "मॅडम, तुम्ही भल्या बाई आहात. मुलीला वाचवायला आलात. पण हा कंपनीचा रिपोर्ट आहे. छापून आलेला आहे."

"मी मारलेल्या फुल्याच छापल्यात साहेब."

"असं कसं होईल? त्यांची काही सिस्टीम असेल ना."

बावीस वर्षं त्या सिस्टीमला खायला घालणारी बाई समोर उभी होती, आणि त्यांना विश्वास होता तो सिस्टीमवर. मी वही उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवली. मुलीच्या फुल्या निळ्या जेल पेनच्या, बारीक. माझ्या काळ्या, जाड, एका वळणाच्या, सगळ्या एका बैठकीत मारलेल्या. आंधळ्यालाही कळलं असतं. त्यांनी पानं उलटली, पुन्हा मागे आले, आणि मग मुलीकडे बघून म्हणाले, "मग कुठे होतीस?"

"झोपत होते बाबा. साळवीकाकूंकडे."

"झोपायला तुला घर नाही?"

ती कॅमेऱ्याकडे बघत राहिली. दळवींनीही तिकडे बघितलं, पण त्यांना तिथे काही दिसलं नाही. त्यांच्या दृष्टीने ती भिंतीवरची एक वस्तू होती.

तेव्हा स्वाती बोलली. मी त्या घरात चार वेळा गेले, तिचा मोठा आवाज तेवढाच ऐकला, आणि तोही खरं तर मोठा नव्हता. "मागच्या बुधवारी माझी सुट्टी होती. मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते. अडीच वाजता तुमचा फोन आला, पाय वर घेऊन का बसलीस म्हणून. मीसुद्धा आता सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरातच बसते. तिथून दिसत नाही ना."

"मी काळजीपोटी बघतो," दळवी म्हणाले. "मिनिटभर. येता-जाता."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. माझं काम झालं होतं. पण इतक्या वर्षांत दारादारात गिळलेले सगळे अर्धे तास माझ्या घशाशी आले होते. मी त्यांची स्वतःची वही काढून टीपॉयवर ठेवली. "यात तुम्ही रोज अर्धा तास लिहिलंय. फोनच्या सेटिंगमध्ये तुम्ही काय किती वेळ बघितलं ते सगळं लिहिलेलं असतं. बघायचं का?"

मला वाटलं ते मला घराबाहेर काढतील. पण माणूस स्वतःबद्दल इतका निःशंक होता की त्यांनी लगेच फोन उचलला, मला खोटं पाडायला. सेटिंग कुठे असतं ते त्यांना माहीत नव्हतं, मुग्धाने तीन ठिकाणी बोट लावून उघडून दिलं. सुट्टीचा शनिवार सोडला तर शुक्रवारची नोंद वर होती. कॅमेऱ्याचं ॲप, चार तास दहा मिनिटं. गुरुवारी साडेतीन तास. बुधवारी, बायको सोफ्यावर बसली त्या दिवशी, पाच तासांच्या वर.

दळवी बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत होते. मग म्हणाले, "ते ऑफिसमध्ये मागे नुसतं चालू असतं." आवाज एवढा बारीक की मला कीव यायला हवी होती. आली नाही.

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते. निवासी क्लासचा फॉर्म भरला गेला नाही. कॅमेराही काढला गेला नाही. स्वातीने त्याच्यावर एक धुतलेला नॅपकिन टाकला आणि तो कोणी उचलला नाही. मुग्धाचा क्लास सुटला, ती दुपारी स्वतःच्या पलंगावर झोपू लागली आणि बारावीला बेताचे मार्क मिळवून जवळच्याच कॉलेजात गेली. दळवींनी कंपनीला दोन पानांची तक्रार पाठवली, की तुमच्या बाईंनी गोपनीय वही फोडून माझा घरात अपमान केला. तक्रार बरोबर होती. कंपनीने मला काढलं. मी निशांतला लेखी कळवलं होतं की साठ फुल्या माझ्या आहेत, ती वही रद्द करा. तो म्हणाला, "मॅडम, डेटा फ्रीज झालाय, आता काही बदलता येत नाही. आणि एका मुलीने काय फरक पडतो?" म्हणजे फुल्या मारल्या म्हणून मला कोणी काही बोललं नाही. खऱ्या वहीचं पान दाखवलं म्हणून मी घरी बसले. पुढे त्याच पाहणीचा मोठा अहवाल निघाला. निशांतने जुन्या ग्रुपवर अभिमानाने त्यातलं एक पान टाकलं होतं: छोट्या शहरांतली तरुण पिढी भरदुपारी मोबाईलवर असते. त्यात किती मुग्धा आहेत आणि किती माझ्यासारख्या बाया, हे त्याला माहीत नाही आणि शोधायची गरजही नाही. त्या दुपारी आता जाहिरातींना विकल्या जातात.

त्या रविवारी मी वह्या पिशवीत घालून जिना उतरले, तशी मुग्धा मागून खाली आली. फाटकापर्यंत बरोबर चालली. मला वाटलं, आभार मानायला आली असेल, आणि मी त्याला काय म्हणायचं तेसुद्धा मनात जुळवून ठेवलं होतं.

"मावशी, एक विचारू?"

"विचार की."

"तुम्हाला भरायचंच होतं तर मोबाईल का भरलात? भिंतीवर वेळापत्रक होतं. क्लास भरता आला असता. त्याच पानावर झोपेचा रकाना होता, झोप भरता आली असती. कंपनीने ते पण घेतलं असतं ना?"

"घेतलं असतं," मी म्हटलं.

ती उत्तराची वाट बघत उभी राहिली. मग रिक्षा आली आणि मी बसले.